नगररचना आणि रहिवाशांचा शब्द

गेल्या पावसाळ्यांत आमच्या गल्लींतील चार-पांच गृहस्थ व मी असे एका सार्वजनिक कचेरींत शहराच्या नव्या आराखड्याचा नकाशा पाहावयास गेलों होतों. नकाशा भिंतीवर उंच टांगलेला होता, आणि त्याचें प्रमाण इतकें लहान होतें कीं, ज्या वस्तींत आमच्या तीन पिढ्या नांदल्या ती अंगठ्याच्या नखाखालीं सहज झांकून जावी. आमच्याबरोबर एक सेवानिवृत्त पोस्टमास्तर होते. त्यांनीं खिशांतून भिंग काढलें, बराच वेळ नकाशा न्याहाळला, आणि ते म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, येथें आपली विहीर नाहीं. पिंपळ नाहीं. आणि पलीकडची चाळ तर मुळींच नाहीं. तिच्यावरून रस्ता गेला आहे." तेथील कारकुनास विचारतां त्यानें सौजन्यानें सांगितलें कीं, हरकत असल्यास ती लेखी द्यावी, मुदत अजून अकरा दिवस आहे.

परत येतांना रस्त्याच्या आंखणीवर आम्हीं पुष्कळ टीका केली. घरीं आल्यावर मात्र एक गोष्ट माझ्या मनास लागून राहिली. ज्या चाळीवरून रस्ता जावयाचा होता त्या चाळींतील एकही मनुष्य त्या दिवशीं आमच्याबरोबर नव्हता. तेथील चाळीस कुटुंबांना या गोष्टीची खबरच नव्हती. आणि खरें सांगावयाचें तर त्यांना बरोबर न्यावें हें आम्हांपैकीं कोणास सुचलेंही नव्हतें. ज्या जागेंत मनुष्य राहतो तिची आंखणी करतांना त्याचा शब्द केव्हां व कसा घ्यावयाचा, आणि 'रहिवासी' म्हणून कोणास मोजावयाचें, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या डोक्यांत घोळत आहे. इतिहासाचा विद्यार्थी या नात्यानें त्याचा थोडासा मागोवा घेण्याचा येथें विचार आहे.

आपल्याकडे हा प्रश्न अगदींच नवा नाहीं. मराठेशाहींतील कागदपत्रें ज्यांनीं चाळलीं असतील त्यांना 'महजर' हा शब्द परिचित आहे. दोन गांवांच्या शिवेचा तंटा उपस्थित झाला किंवा वतनाच्या जागेविषयीं भांडण पडलें म्हणजे गोतसभा भरे. तींत देशमुख-देशपांडे, पाटील-कुळकर्णी यांच्याबरोबर गांवचे बलुतेदारही बसत. निवाडा झाला म्हणजे त्याचा महजर लिहिला जाई, आणि ज्याला अक्षर येत नसे तो आपल्या धंद्याचें निशाण त्यावर करी. पाटील नांगर काढी. सुतार, न्हावी, परीट हे आपापल्या हत्याराची आकृति काढीत. शिवेच्या वादांत महाराची साक्ष विशेष तोलाची मानली जात असे. गांवाची राखण त्याच्याकडे. शिवेवरचा कोणता दगड जुना, ओढा पूर्वीं कोठून वाहत होता, हें त्याच्याइतकें दुसऱ्या कोणास माहीत असणार? जागेविषयींचें ज्ञान हें मानमरातबाच्या उतरंडीप्रमाणें वांटलेलें नसतें, एवढें व्यवहारज्ञान त्या सभेला होतें.

शहरांतही याच धर्तीची कांहीं व्यवस्था होती. पुण्याच्या पेठा ज्या वसल्या त्या कांहीं एका मोठ्या नकाशावरून वसल्या नाहींत. पेठ वसवावयाची म्हणजे सरकारांतून शेटे-महाजनांस कौल मिळे, नव्यानें येणाऱ्या उदमी लोकांना कांहीं वर्षें कराची सूट मिळे, आणि मग जागा नेमून देणें, वस्ती भरविणें, बाजाराची व्यवस्था राखणें हीं कामें तेथल्या तेथें होत. सदाशिव, नारायण, नाना या पेठांना पेशवाईंतील पुरुषांचीं नांवें मिळालीं खरीं. पण त्यांतील बोळ, आळ्या आणि वाडे यांची घडण त्या त्या ठिकाणच्या माणसांच्या गरजेप्रमाणें होत गेली.

तथापि या चित्रावर भाळून जाण्याचें कारण नाहीं. ज्या महाराच्या साक्षीनें गांवाची शीव ठरे त्याचें स्वतःचें घर गांवकुसाबाहेर असे, आणि तें तेथें कां असावें हा त्या सभेचा विषयच नव्हता. मिरासदारास जो मान, तो उपऱ्यास नव्हता. म्हणजे समाज ज्याचें ज्ञान घेत होता त्याला निर्णयांत वांटा देत नव्हता. जुन्या व्यवस्थेचा गुण व तिचें वैगुण्य हीं दोन्ही एकाच वेळीं ध्यानांत ठेविलीं पाहिजेत. कारण पुढील दीडशें वर्षांत गुण हळूहळू लोपला, आणि वैगुण्य मात्र वेष पालटून राहिलें.

इंग्रजी अमलांत नगराचा कारभार कचेरींत गेला. १८८२ सालीं लॉर्ड रिपन यांच्या ठरावानें स्थानिक स्वराज्याचा पाया घातला गेला व म्युनिसिपालिट्यांत लोकनियुक्त सभासदांचा भरणा वाढला. पण मत देण्याचा हक्क होता तो मालमत्तेच्या व कराच्या आधारावर. अशा स्थितींत १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस मांडवी भागांत प्लेग उद्भवला. पुढच्या वर्षीं पुण्यांत काय झालें तें महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. रोग हटविण्याचा हेतु वाईट होता असें कोणी म्हणणार नाहीं. पण ज्याच्या घरांत शिरावयाचें त्यास विश्वासांत न घेतां गोरे शिपाई देवघरापर्यंत गेले, आणि २२ जून १८९७ च्या रात्रीं रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली. नगराच्या आरोग्यासारखी सर्वांच्या हिताची गोष्टही लोकांना वगळून करूं गेल्यास तिचा शेवट कसा होतो, याचें याहून विदारक उदाहरण सांपडणें कठीण.

मुंबईंत प्लेगाचा परिणाम निराळ्या रीतीनें दिसून आला. १८९८ सालीं खास कायदा होऊन 'इंप्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. दाट वस्ती फोडून हवा-उजेड आंत आणावा, रुंद रस्ते काढावे, गरिबांसाठीं चाळी बांधाव्या, हें त्याचें काम. त्याच्या मंडळांत म्युनिसिपालिटीचे थोडे प्रतिनिधि होते. बाकीच्या जागा सरकारी अधिकारी, सरकारनियुक्त गृहस्थ व व्यापारी संस्था यांच्याकडे. नागपाड्यापासून कामास प्रारंभ झाला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रस्ते निघाले. दादर-माटुंग्याच्या मोकळ्या, झाडीच्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यांचा उपभोग आमच्यासारख्या पांढरपेशा कुटुंबांनीं पुढें पिढ्यान्पिढ्या घेतला आहे, हें कबूल केलें पाहिजे. पण पाडलेल्या घरांतून जे उठले त्यांचें काय झालें? घरमालकास नुकसानभरपाई मिळे, ती कमी वाटल्यास न्यायमंडळाकडे दाद मागतां येई. भाडेकऱ्यास यांपैकीं कांहींच नव्हतें. सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टनें जितक्या लोकांस उठविलें तितक्यांसाठीं नवीं घरें बांधलीं नाहींत. गिरणींत, गोदींत काम करणारा मनुष्य कामापासून दूर जाऊं शकत नव्हता. तो शेजारच्या चाळींत शिरला, आणि जी दाटी मोडावयाची ती एका गल्लींतून दुसऱ्या गल्लींत गेली. ट्रस्टच्या इंजिनियरांस रस्त्याची रुंदी ठाऊक होती, पण माणसाची वाट ठाऊक नव्हती. ती ज्याला ठाऊक होती त्या भाडेकऱ्यास कोणीं विचारलें नाहीं.

१९१५ सालीं मुंबई इलाख्यांत नगररचनेचा कायदा झाला. हिंदुस्थानांतील अशा प्रकारचा हा पहिला कायदा होय. विलायतेंतील १९०९ च्या कायद्याचा नमुना त्यापुढें होता. शहराच्या कडेच्या वेड्यावांकड्या शेतजमिनी एकत्र धरावयाच्या, त्यांतून रस्ते व सार्वजनिक जागा काढून घ्यावयाच्या, आणि उरलेली जमीन चांगल्या आकाराच्या तुकड्यांत मूळ मालकांस परत वांटावयाची, अशी ही योजना होती. लवाद प्रत्येक मालकाचें म्हणणें ऐकून घेई. पुण्यांत शिवाजीनगर भागांत राहणाऱ्या वाचकांनीं आपल्या पत्त्यांतील 'फायनल प्लॉट नंबर' पाहावा. तो याच पद्धतीची खूण आहे. ट्रस्टच्या मानानें ही मोठी सुधारणा होती यांत शंका नाहीं. मात्र येथेंही शब्द होता तो सातबाऱ्याच्या धन्याचा. त्या जमिनीवर राबणारें कूळ व झोंपडी घालून राहिलेला मजूर यांचें नांव त्या नकाशावर येण्याचें कारण नव्हतें.

नेमक्या याच सुमारास एका विलक्षण पुरुषाचें या देशांत आगमन झालें. पॅट्रिक गेडीस हे मूळचे जीवशास्त्रज्ञ. एडिंबरा शहराच्या जुन्या, गलिच्छ भागांत त्यांनीं सपत्नीक बिऱ्हाड केलें होतें व शेजाऱ्यांच्या मदतीनें त्या भागाची डागडुजी करून दाखविली होती. १९१४ सालीं ते हिंदुस्थानास निघाले तेव्हां नगररचनेच्या प्रदर्शनाचें त्यांचें सामान ज्या जहाजावर होतें तें जर्मनांच्या 'एम्डेन' या लढाऊ जहाजानें बुडविलें. तरी न डगमगतां त्यांनीं नवें सामान गोळा करविलें आणि १९१५ च्या आरंभीं मद्रासेस प्रदर्शन भरविलें. पुढील चार-पांच वर्षांत त्यांनीं तंजावर, बडोदें, लखनौ, लाहोर, इंदूर अशा कितीतरी शहरांवर अहवाल लिहिले. १९१९ पासून १९२४ पर्यंत ते मुंबई विद्यापीठांत नागरिकशास्त्र व समाजशास्त्र यांचे प्राध्यापक होते.

गेडीसांची पद्धत सांगावयास सोपी, पण आचरावयास कठीण. आधीं पाहणी, मग आंखणी. शहरांत गेल्यावर ते टेबलाशीं बसत नसत. दिवसचे दिवस बोळांतून पायीं हिंडत. पाणी कोठें भरतात, मुलें कोठें खेळतात, कोणतें झाड सावली देतें, कोणती पडीक जागा साफ केल्यास अंगण होईल, हें टिपीत. मग जें घर खरोखरच कोसळण्याच्या बेतांत असेल तेवढेंच काढावें, बोळ थोडा येथें, थोडा तेथें रुंद करावा, आणि बाकीची वस्ती जागच्या जागीं राखावी. वैद्य जसा दुखरा भाग तेवढाच कापतो, तशी ही राखून केलेली शस्त्रक्रिया. तंजावरच्या किल्ल्यांतील दाट वस्तींतून सरळ रेघेचे रस्ते काढण्याची इंजिनियरी योजना होती. गेडीसांनीं त्याच जागेची आपल्या पद्धतीची योजना मांडली व ती कितीतरी कमी खर्चांत होते असें दाखविलें. सरळ रेघ ओढणारास ती वस्ती म्हणजे अडथळा दिसत होता. पायीं फिरणारास तींत घरें दिसलीं.

पण आमच्या दृष्टीनें सर्वांत बोधप्रद हकीकत आहे ती होळकरांच्या इंदुराची. १९१७ सालीं गेडीस तेथें गेले तेव्हां शहरांत प्लेग होता. नकाशे हातांत घेऊन गल्लोगल्लीं फिरणारा हा दाढीवाला म्हातारा साहेब पाहून लोक भयभीत झाले. प्लेग आणणारा तो हाच, अशी कंडी पिकली. ज्यांच्यासाठीं पाहणी चालली होती तेच दारें लावून घेऊं लागले. दुसरा एखादा असता तर त्यानें पोलीस मागविले असते. गेडीसांनीं महाराज तुकोजीराव होळकर यांच्याकडे मागणें केलें तें निराळेंच: दिवाळीच्या मिरवणुकीची व्यवस्था मला करूं द्यावी.

मग गांवांत जाहीर झालें कीं, यंदा मिरवणूक नेहमींच्या मार्गानें निघणार नाहीं. जी आळी आपलीं घरें व रस्ते उत्तम साफसूफ व दुरुस्त करील तिच्यांतून ती जाईल. हा शब्द फुटल्याबरोबर सगळें शहर कामास लागलें. वर्षानुवर्षांचा उकिरडा गाड्यांतून बाहेर गेला, भिंतींना रंग चढला, उंदरांच्या बिळांचा शोध सुरू झाला. मिरवणुकींत हत्ती-घोडे होते, लक्ष्मी होती. त्यामागून रोगराईचीं सोंगें, पडक्या घरांच्या प्रतिकृति आणि प्लेगाचा एक प्रचंड उंदीर. आणि त्यानंतर आले शहराचे झाडूवाले. स्वच्छ पांढरे कपडे केलेले, फुलांच्या माळांनीं शोभणारे, मानानें चालणारे. त्यांच्यामागून नगरदेवता व नव्या शहराचा नकाशा. शेवटीं माळी लोक, तुळशीचीं रोपें वांटीत. रात्रीं रोगराईच्या राक्षसाचें व उंदराचें दहन झालें. लोकांना नगराचा नकाशा प्रथम दिसला तो असा, आपल्याच दाराशीं, आपल्याच सणांत. साहेबाविषयींचें भय गेलें, आणि पाहणीस घरें उघडीं झालीं. पुढच्याच वर्षीं इंदुरावरील त्यांचा दोन खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला.

या प्रसंगांत मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली ही कीं, लोकांचा सहभाग त्यांनीं नकाशा पुरा होण्याच्या आधीं मागितला. दुसरी ही कीं, ज्याच्या श्रमावर शहराची स्वच्छता उभी, पण ज्याला शहराच्या पंक्तींत जागा नव्हती, त्या झाडूवाल्यास त्यांनीं मिरवणुकींत मानानें आणलें. गोतसभेनें जें अर्धें केलें होतें तें एका दिवसापुरतें का होईना पुरें झालें. पण 'एका दिवसापुरतें' हे शब्दही तितकेच खरे आहेत. ती सर्व राजाची मेहेरबानी होती. दिवाळी सरली, रहिवाशांच्या हातीं कोणताही हक्क राहिला नाहीं.

हक्क देणारे कायदे स्वातंत्र्यानंतर झाले. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा आजही लागू आहे. त्याचा क्रम असा: आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो, चालू जमीनवापराची पाहणी होते, मसुदा तयार होतो, तो प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवितात, आणि नियोजन समिति त्या ऐकते. या समितींत स्थायी समितीचे तीन सभासद व सरकारनें नेमलेले जास्तींत जास्त चार जाणकार असतात. शेवटीं मंजुरी राज्य सरकारची. येथें हरकत घेणारा जमिनीचा मालकच असला पाहिजे असें नाहीं, ही १९१५ च्या मानानें फार मोठी मजल आहे. पुढें घटनेची चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलांत आली, व तीन लाखांवरील वस्तीच्या शहरांस प्रभाग समित्या सांगितल्या गेल्या. २००९ सालीं महाराष्ट्रानें खेड्यांतील ग्रामसभेच्या धर्तीवर शहरांत क्षेत्रसभेची तरतूद केली. कागदावर पाहतां उणें कांहीं राहिलें नाहीं. पण क्रमाकडे लक्ष द्यावें. सर्वसामान्य रहिवाशास आपल्या गल्लीबद्दल बोलावयास बोलावितात तें मसुदा छापून झाल्यावर. पाहणीच्या वेळीं तो कोठेंच नाहीं. आणि छापलेल्या रेघेस हात लावावयास कोणत्याही कचेरीचा जीव धजत नाहीं.

याचा अनुभव मुंबईनें घेतला. २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्यें प्रसिद्ध झाला. उभ्या इमारतींवरून रस्ते, जुन्या वास्तूंच्या नोंदींत घोटाळे, अशा चुका लोकांनीं एकामागून एक बाहेर काढल्या. हरकतींची संख्या साठ हजारांवर गेली, आणि एप्रिलमध्यें मुख्यमंत्र्यांनीं तो मसुदा मागें घेऊन दुरुस्त करण्याची आज्ञा दिली. सुधारलेला मसुदा २०१६ सालीं आला, मंजुरी २०१८ सालीं मिळाली. लोकांच्या शब्दाचा हा विजय म्हणावा तर तो आहेच. पण केवढा महाग! जी चूक एखाद्या वाण्यानें किंवा दूधवाल्यानें पाहणीच्या दिवशीं एका वाक्यांत सुधारली असती तिच्यासाठीं शहराचीं वर्षें गेलीं. आणि कोळीवाडे, गांवठाणें, झोपडपट्ट्या यांतील लोकांना तर 'आमची वस्ती नकाशावर आहे तशी दाखवा' येथूनच भांडणास सुरुवात करावी लागली. १८९८ चा भाडेकरू आणि हे लोक यांत फारसें अंतर नाहीं.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो टाकाऊ नाहीं. प्रत्येक गल्लीस विचारीत बसलें तर शहराचें काम व्हावयाचें कसें? इस्पितळ हवें, पण माझ्या शेजारीं नको. गरिबांसाठीं घरें हवींत, पण पलीकडच्या पेठेंत, अशी मनुष्याची वृत्ति असते. सुशिक्षित वस्त्यांत ती अधिक संघटित असते, हें मी स्वानुभवानें सांगतों. याला माझें उत्तर इतकेंच कीं, सहभाग म्हणजे नकाराधिकार नव्हे. काय हवें हें शहरानें ठरवावें. तें कोठें व कसें केल्यास कमींत कमी लोक उखडले जातील, हें गल्लीनें सांगावें. पहिल्या प्रश्नास तज्ज्ञ लागतो, दुसऱ्यास शेजारी. पुणें महापालिकेनें २००६-०७ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठीं छोटीं कामें सुचवून घेण्याची रीत सुरू केली. पदपथ, दिवे, बसथांबे असल्या कामांची ही गोष्ट लहान खरी. पण तींत लोकांना खर्च ठरण्याच्या आधीं विचारलें जातें, हें तिचें मर्म आहे.

तेव्हां इतिहासावरून निघणारा बोध मला असा दिसतो. आराखडा येईपर्यंत वाट पाहत बसलेल्या वस्तीस केवळ हरकत घेतां येते. आपली पाहणी आधींच करून ठेवलेल्या वस्तीस सूचना करतां येते. गल्लीचा नकाशा गल्लीनें काढून ठेवावा. त्यांत सर्व्हे नंबर असावे, तसेच झाडें, पाण्याच्या जागा, भाजीवाल्यांची बसण्याची जागा, शाळेंत जाणाऱ्या मुलांची वाट हींही असावीं. प्रत्येक हरकतीबरोबर दुसरा मार्ग दाखवावा. आणि त्या पाहणींत ज्याच्या नांवावर कांहींच नाहीं त्यास प्रथम विचारावें. कारण आंखणी चुकली असतां सर्वांत आधीं उठावें लागतें तें त्याला.

आमची मुदत अकरा दिवसांची होती. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं पोस्टमास्तर व मी चाळींत गेलों. तेथील एका वृद्ध बाईंनीं आम्हांस बसावयास पाट दिला, सर्व ऐकून घेतलें, आणि विचारलें, "मास्तर, तुमच्या घरावरून रस्ता गेला असता तर आम्हांला सांगायला आला असतां का?" या प्रश्नास उत्तर नव्हतें. पण त्याच रात्रीं चाळींतील दोन मुलें फीत घेऊन आलीं व मोजणीस आरंभ झाला. रस्ता ओढ्याच्या बाजूनें वळविल्यास चाळ वांचते, हें आम्हांस त्या मुलांनीं दाखविलें. आम्हां पदवीधरांस तें दिसलें नव्हतें. अर्ज मुदतींत गेला. सुनावणी अजून व्हावयाची आहे, व निकाल काय लागेल तें सांगतां येत नाहीं. अर्जासोबत जोडलेल्या नकाशांत मात्र विहीर आहे, पिंपळ आहे, आणि चाळीचीं चाळीसही दारें आहेत. अर्जावर सह्या आहेत, आणि ज्यांना सही येत नाहीं त्यांचे अंगठेही आहेत.